घरी दिसते, नेटवर दिसत नाही : नव्या वेबसाइटचा नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

"मॅडम, घरात बरी दिसालती की. वर चढवली आणि सगळे फोटो गेले."

बेळगावात कॉम्प्युटर क्लास घेताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की फोनवर पलीकडून 'मॅडम, साइट' एवढं आलं तरी पुढचं कळतं. शिकून गेलेली मुलं काकांच्या दुकानाची, गल्लीतल्या मंडळाची, गावच्या वाचनालयाची साइट बनवतात. पहिल्याच आठवड्यात फोन येतो, कधी खानापूरहून, कधी निपाणीहून, कधी अथणीहून. धंदा वेगळा असतो, माणूस वेगळा असतो, बिघाड मात्र तोच.

सगळ्यात आधी एक विनंती. साइट बिघडली म्हणून पान पुन्हा लिहायला बसू नका. माझ्या एका विद्यार्थ्यानं रात्रभर जागून सगळा कोड नव्यानं लिहिला, सकाळी चढवला, आणि बिघाड होता तिथेच होता. चूक एका कॅपिटल अक्षराची होती. घरच्या कॉम्प्युटरवर पान नीट दिसत होतं ना? मग कोड बहुतेक ठीक आहे. चूक नावात शोधा : फाइलच्या नावात, फोल्डरच्या नावात, नाहीतर डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नावात. खालचा क्रम मी त्याच अनुभवातून लावलाय. पहिल्या काही तपासण्यांना पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत त्या होतात.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय, ते कागदावर लिहून घ्या. 'साइट चालत नाही' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

- पान उघडतं, पण फोटो नाहीत. फोटोच्या जागी फाटक्या चित्राची खूण दिसते.
- मजकूर आहे, पण रंग, मांडणी, फॉन्ट सगळं गेलंय. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं.
- तुम्ही बदल केला, चढवला, तरी जुनंच पान दिसतंय.
- मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा भलतीच रोमन अक्षरं.
- '४०४' किंवा '४०३' असा आकडा येतो.
- '५००' असा आकडा येतो, किंवा पान पूर्ण कोरं.
- 'धिस साइट कान्ट बी रीच्ड' येतं आणि खाली बारीक अक्षरांत 'एनएक्सडोमेन' असं काहीतरी असतं.
- ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतो किंवा लाल इशारा देऊन पानच उघडू देत नाही.

आकड्यांना घाबरायचं कारण नाही, उलट ते आले की माझं अर्धं काम होतं. ४०४ म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत, म्हणजे साइटच्या फाइली ठेवलेल्या लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचलात, पण मागितलेली फाइल तिथे नाही. म्हणजे डोमेन ठीक, होस्टिंग (त्या कॉम्प्युटरवरची तुमच्या साइटची जागा) जिवंत, नाव किंवा जागा चुकली. ४०३ म्हणजे जागा आहे, पण आत जायची परवानगी नाही किंवा दाखवायला मुख्य पानच नाही. ५०० म्हणजे सर्व्हर स्वतःच अडखळला. आणि एनएक्सडोमेन म्हणजे त्या नावाचा पत्ताच कुठे सापडला नाही. मग फाइली उलथ्यापालथ्या करण्यात काहीच अर्थ नाही.

हात लावण्याआधी सगळ्या फोल्डरची एक कॉपी काढून तिच्या नावात आजची तारीख घाला. दुरुस्ती करताना चालू असलेली फाइल पुसली गेल्याचे फोनही मला कमी येत नाहीत.

जुनंच पान दिसतंय का?

ब्राउझर एकदा आणलेली पानं आणि फोटो आपल्याकडे साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ती लवकर उघडतात. त्यामुळे तुम्ही नवं चढवलं तरी तो जुनं दाखवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा. तरी तेच दिसलं तर इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे नवं पान दिसलं तर बिघाड नव्हताच.

गिटहब पेजेस या सेवेवर मोफत साइट ठेवली असेल तर आणखी थोडं थांबा, बदल दिसायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. पहिल्यांदाच ठेवत असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन 'पेजेस' खाली ब्रँच, म्हणजे फाइलींची कोणती आवृत्ती दाखवायची ते, निवडली आहे का तेही बघा. ती न निवडल्यामुळे फाइली वर आहेत आणि साइट कुठेच नाही, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसऱ्या नेटवरून आणि दुसऱ्या गावातून बघा

मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर साइट उघडा. मग कोल्हापूरच्या मावसभावाला किंवा हुबळीच्या मैत्रिणीला लिंक पाठवा आणि नुसतं 'दिसते का' न विचारता स्क्रीनशॉट मागवा. त्यांना दिसते आणि तुम्हाला नाही, तर बिघाड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा तुमच्या नेटमध्ये आहे. साइटला हात लावू नका.

लाल इशारा येत असेल तर कॉम्प्युटरची तारीख बघा, खालच्या उजव्या कोपऱ्यात असते. खानापूर भागात पावसाळ्यात लाइट सारखी जाते. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला की लाइट आल्यावर मशीन कितीतरी वर्षं मागची तारीख घेऊन उठतं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरला आजची तारीखच चुकीची माहीत असेल, तर चांगलं प्रमाणपत्रही त्याला खोटं वाटतं. एका शिवणक्लासच्या ताईंनी या एका गोष्टीपायी होस्टिंग बदलायचं ठरवलं होतं. नाण्याएवढा सेल बदलला आणि साइट उघडली. दुकानात 'सीआर२०३२' म्हणून मागा, पण आधी जुन्या सेलवरचा नंबर वाचून घ्या.

पत्ता बरोबर टाइप होतोय का?

ही तपासणी बाहेरच्या कुणाला सुचणार नाही, पण आपल्या भागात करावीच लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर आपल्या शहराचं इंग्रजी स्पेलिंग बदललं. जुनं 'बेलगाम' सात रोमन अक्षरांचं, नवं 'बेळगावी' आठ अक्षरांचं. ज्यांनी डोमेनमध्ये गावाचं नाव घातलं, त्यांच्यातल्या काहींनी जुनं घेतलं, काहींनी नवं. कार्ड छापणाऱ्यानं आपल्या सवयीचं छापलं, आणि गिऱ्हाईक तिसरंच काहीतरी टाइप करतं. कुंदा आणि मिठाईच्या एका दुकानाची साइट 'बंद पडली' म्हणून मला बोलावलं होतं. साइट उत्तम चालू होती, नव्या कार्डांवर मात्र स्पेलिंग वेगळं होतं. म्हणून रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, ईमेलमध्ये नाव जसं आलंय तसंच अक्षर न् अक्षर कॉपी करून ब्राउझरमध्ये टाका. नवं डोमेन घेत असाल आणि बजेट असेल तर दोन्ही स्पेलिंगं घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा.

'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावून, दोन्ही प्रकारे उघडून बघा. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती दोन वेगळी नावं आहेत. एकच उघडत असेल तर दुसऱ्या नावाचा रेकॉर्ड, म्हणजे ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंद, घालायचा राहिलाय.

देवनागरीतलं 'डॉट भारत' डोमेन घेतलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर कधीकधी लिंक 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू झालेली दिसते. तो बिघाड नाही. देवनागरी डोमेन आतमध्ये रोमन अक्षरांतच साठवलं जातं.

फाइलचं नाव : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

अथणीच्या एका चप्पलवाल्या मामांचा मुलगा माझा विद्यार्थी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत आणि आपला बेळगाव त्यात आहे. तेव्हापासून मामांच्या मनात होतं की आपल्या हातच्या चपला नेटवर दिसाव्यात. मुलानं साइट बनवली, चोवीस जोडांचे फोटो लावले. घरी चोवीसच्या चोवीस दिसायचे. नेटवर पाच.

मी त्याला फाइली शेजारीशेजारी उघडायला सांगितल्या. पानात लिहिलं होतं 'चप्पल-७ डॉट जेपीजी', सगळी रोमन अक्षरं लहान. फोल्डरमधल्या फाइलचं नाव तेच, पण पहिली 'सी' मोठी आणि शेवटची 'जेपीजी' ही तीन अक्षरंही मोठी. पाच फोटो मोबाइलचे होते, त्यांची नावं लहान अक्षरांत होती, ते दिसत होते. उरलेले एकोणीस मित्राच्या कॅमेऱ्यातले. कॅमेरा शेवटची अक्षरं बहुतेक वेळा मोठीच घालतो.

घरी का चालत होतं? कारण विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, दोन्ही नावं त्याला एकच. होस्टिंगचे सर्व्हर मात्र बहुतेक लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला लहान 'सी' आणि मोठी 'सी' ही दोन वेगळी अक्षरं. तो प्रामाणिकपणे सांगतो की या नावाची फाइल माझ्याकडे नाही. घरी दिसते आणि नेटवर दिसत नाही, या कोड्याचं माझ्याकडे आलेलं सगळ्यात मोठं उत्तर हेच आहे.

अंदाज करत बसू नका. पान उघडून एफ-१२ दाबा, वरच्या पट्टीतलं 'नेटवर्क' निवडा आणि पान पुन्हा लोड करा. जी फाइल सापडली नाही ती लाल ओळीत ४०४ सह दिसेल. त्या ओळीवर माउस नेला की ब्राउझर ती नेमकी कुठे शोधत होता, तो पूर्ण पत्ता दिसतो. हा पत्ता आणि सर्व्हरवरचं खरं नाव एकाखाली एक कागदावर लिहा आणि अक्षर अक्षर जुळवा. चूक हमखास दिसते. मला नेहमी सापडणाऱ्या चुका या :

पत्ता 'सी:' किंवा 'फाइल:' नं सुरू होतो. म्हणजे तुम्ही स्वतःच्या डेस्कटॉपवरच्या फोटोचा पत्ता दिलाय. तुमच्या मशीनवर तो फोटो आहे, म्हणून तुम्हाला दिसतो, जगाला दिसत नाही. हे ओळखायला अवघड जातं, कारण आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडून तुम्ही कितीदाही तपासलं तरी सगळं छान असतं.

नावात जागा आहे. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून फोटो उतरवला की 'व्हॉट्सअ‍ॅप इमेज' पुढे तारीख, पुढे वेळ असं लांबलचक नाव येतं, मध्ये चार-पाच ठिकाणी जागा आणि शेवटी 'जेपीजी'च्या ऐवजी 'जेपीईजी'. तुम्ही सवयीनं 'जेपीजी' लिहिता, एक 'ई' कमी पडतो आणि फोटो जातो.

आयफोनचा फोटो असेल तर शेवटी 'एचईआयसी' असू शकतं. हा प्रकार क्रोममध्ये दिसतच नाही. जेपीजी करून घ्या. नुसतं नाव बदलून भागत नाही, फोटो उघडून 'सेव्ह अ‍ॅज' नं जेपीजी म्हणून साठवायला लागतो.

उलटी तिरकी रेघ. विंडोज फोल्डरमध्ये उलटी रेघ वापरतं, वेबवर सरळ. पानात ब्राउझर ती चूक बऱ्याचदा सांभाळून घेतो, पण रंग-मांडणीच्या सीएसएस फाइलमध्ये उलट्या रेघेचा अर्थच वेगळा असतो. म्हणून कधी फोटो येतात पण मागची पार्श्वभूमी येत नाही.

सुरुवातीची रेघ. फोटोच्या पत्त्याच्या अगदी सुरुवातीला तिरकी रेघ असेल, तर ब्राउझर साइटच्या मुळापासून शोधायला लागतो. गिटहब पेजेसवर तुमची साइट बऱ्याचदा एका उपफोल्डरात असते, त्यामुळे शोध चुकीच्या घरात सुरू होतो. ती रेघ काढून बघा.

मी मुलांना पहिल्या दिवशीच नियम घालून देते : फाइल आणि फोल्डरची नावं फक्त लहान रोमन अक्षरांत, आकडे चालतील, जागेच्या ऐवजी आडवी रेघ. पानातला मजकूर मराठी, कन्नड काहीही असू दे, फाइलचं नाव मात्र साधं. आधीच घोळ झाला असेल तर नुसतं मोठ्याचं लहान करू नका. विंडोजवर गिट (फाइलींतले बदल नोंदवून वर चढवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एवढा बदल त्याच्या लक्षातच येत नाही आणि सर्व्हरवर जुनंच नाव राहतं. नाव पूर्ण वेगळं द्या, पानातही तेच लिहा, आणि मग चढवा.

मामांच्या चपला त्या संध्याकाळी चोवीसच्या चोवीस दिसल्या. मुलानं फोनवर त्यांना एकेक जोड मोजून दाखवला.

मुख्य पान त्याच नावाचं आणि त्याच जागी आहे का?

फक्त डोमेन टाकल्यावर सर्व्हर 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावाची फाइल शोधतो. तुमच्या मुख्य पानाचं नाव 'होम' किंवा दुकानाचं असेल, तर तो ४०३ किंवा ४०४ देतो, नाहीतर फाइलींची नुसती यादी दाखवतो.

यात एक चोरटी चूक आहे. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये साठवताना नाव होतं 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी', आणि तुम्हाला दिसतं 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. ही टिक कायमची राहू द्या.

आणि जागा. सी-पॅनेल नावाचं पॅनेल असलेल्या होस्टिंगवर फाइली 'पब्लिक_एचटीएमएल' फोल्डरात लागतात, काही ठिकाणी त्याचं नाव 'एचटीडॉक्स' असतं. त्याच्या बाहेर ठेवलेलं जगाला दिसत नाही. झिप फाइल उघडताना बऱ्याचदा आत आणखी एक फोल्डर तयार होतो आणि इंडेक्स एक पायरी आत जाऊन बसतं. तिला बाहेर काढा, बाकीच्या फाइलींसकट.

मराठी अक्षरांची वाट लागली असेल तर

इथे तीन वेगळे रोग आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं. नीट बघूनच ठरवा.

पहिला : प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्यामागे कधी चार किरणांचं छोटं वर्तुळ, कधी जपानी येनचं चिन्ह, आणि मग आणखी काहीतरी. हे दिसलं तर निर्धास्त राहा, मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. पान यूटीएफ-८ आहे हे ब्राउझरला कुणी सांगितलं नाही, म्हणून तो तीन बाइटची तीन वेगळी रोमन चिन्हं वाचतो. पानाच्या हेड भागात अगदी सुरुवातीला मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ घाला. ती पहिल्या १०२४ बाइटच्या आत असायला लागते, म्हणून लांबलचक कॉमेंटच्या खाली ढकलू नका.

दुसरा : ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. सर्व्हरवरची फाइल उतरवून नोटपॅडमध्ये उघडली तरी प्रश्नचिन्हंच असतील, तर त्या फाइलमधला मजकूर गेला. 'एएनएसआय' या जुन्या, देवनागरी न जाणणाऱ्या पद्धतीत साठवताना नोटपॅडनं इशारा दिलेला असतो, आपण न वाचता ओके दाबतो. जुनी कॉपी शोधा, नाहीतर पुन्हा टाइप करा. जुन्या विंडोजवर साठवताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ स्वतः निवडायला लागतं. २०१९ मधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नोटपॅड ते आपणहून निवडतं.

तिसरा आपल्याकडे घरोघरी. येळ्ळूरच्या बाजूच्या एका गावातलं वाचनालय, कार्यक्रमाचा सगळा मजकूर डीटीपीवाल्याकडून घेतलेला. त्याच्या मशीनवर सुंदर मराठी, साइटवर चिकटवल्यावर रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा चिवडा. मजकूर श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. असे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत : आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. कन्नड मजकूर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर हेच होतं. चारसेटची ओळ इथे काही कामाची नाही. डीटीपीवाल्याला 'युनिकोडमध्ये द्या' म्हणून सांगा, किंवा कन्व्हर्टरमधून काढून घ्या. पण काढल्यावर वाचा! रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. 'कार्यक्रम', 'सर्व', 'वर्षं', 'श्री' हे शब्द आधी तपासा. माणसांची नावं तर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पत्रिकेत नाव चुकलं की घरातली मोठी माणसं दुखावतात, मग साइट कितीही देखणी असू दे.

मराठी आणि कन्नड दोन्ही ठेवत असाल, आणि आपल्या भागात गिऱ्हाइकासाठी ठेवावंच, तर नुसता देवनागरीचा फॉन्ट लावून कन्नड भागाला तो पुरत नाही. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांची घरं वेगळी आहेत. कन्नड परिच्छेदाला वेगळा फॉन्ट द्या आणि भाषेची खूणही वेगळी करा, मराठीला 'एमआर', कन्नडला 'केएन'.

'नॉट सिक्युअर' येत असेल तर

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एसएसएल, म्हणजे साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र, चालू आहे का बघा. लेट्स एन्क्रिप्टसारखं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं. कधी ते होणं अडकतं, तेव्हा पॅनेलमधून पुन्हा चालवून बघा. प्रमाणपत्र आहे, तरी काही फोटो किंवा मांडणी येत नाही, असं असेल तर पानात कुठेतरी 'एचटीटीपी' नं सुरू होणारा जुना पत्ता राहिलाय. एक 'एस' वाढवा.

परवानग्या

नाव आणि जागा दोन्ही बरोबर असून ४०३ येत असेल, तर फाइल मॅनेजरमध्ये परवानगीचा आकडा बघा. साधारणपणे फाइलींना ६४४ आणि फोल्डरला ७५५. कुणी '७७७ कर, सगळं चालतं' म्हणून सांगेल. करू नका. त्या आकड्यानं सर्व्हरवरचा कुणीही तुमच्या फाइलीत लिहू शकतो.

५०० आला असेल तर आधी आठवा, शेवटी काय बदललं? बऱ्याचदा 'एचटीअ‍ॅक्सेस' या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये नेटवरून उचलून चिकटवलेली एखादी ओळ असते. त्या फाइलचं नाव तात्पुरतं बदला आणि पान उघडा. उघडलं तर चूक तिथेच.

डोमेन : सगळ्यात शेवटी आणि सावकाश

एनएक्सडोमेन येत असेल आणि स्पेलिंग बरोबर असेल, तर रजिस्ट्रारच्या खात्यात जा. आधी मुदत बघा. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपून सवलतीचे दिवसही गेले की ३० दिवसांचा एक काळ असतो, त्यात ते परत मिळतं, पण नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. मग ईमेल तपासा, स्पॅमसकट. नवं डोमेन घेतल्यावर ईमेल खरा आहे हे पटवून देण्यासाठी एक लिंक येते. डॉट कॉमसारख्या डोमेनला १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन थांबवलं जातं. दोन आठवडे छान चाललेली साइट अचानक गायब झाली, तर मी हीच लिंक पहिल्यांदा विचारते.

ते ठीक असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'एनएसलुकअप' लिहा, एक जागा सोडून डोमेन लिहा, एंटर दाबा. शेवटी आलेला आकडा होस्टिंगनं दिलेल्या आकड्याशी जुळायला हवा. गिटहब पेजेसला स्वतःचं डोमेन जोडलं असेल तर चार 'ए' रेकॉर्ड लागतात : १८५.१९९.१०८.१५३, आणि मधल्या १०८ च्या जागी १०९, ११० आणि १११ घालून आणखी तीन. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.

बदल केल्यावर हात बांधून बसा. प्रत्येक रेकॉर्डला किती सेकंद साठवून ठेवायचं हे लिहिलेलं असतं. ३६०० म्हणजे एक तास, १४४०० म्हणजे चार तास. तोवर वाटेतले सर्व्हर जुनंच उत्तर देत राहतात, म्हणून कोल्हापुरात दिसते आणि चिकोडीत नाही असं होतं. नेमसर्व्हर, म्हणजे हे रेकॉर्ड ठेवणारे सर्व्हर, बदलले असतील तर दोन दिवस धरा. या दोन दिवसांत अधीर होऊन दर तासाला रेकॉर्ड बदलणं, यासारखं नुकसान दुसरं नाही. नेमकं कशामुळे काय झालं, ते मग कुणालाच सांगता येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

त्याच डोमेनवर दुकानाचा ईमेल चालत असेल आणि नेमसर्व्हर बदलायची वेळ आली असेल, तर स्वतः करू नका. ईमेलचे एमएक्स रेकॉर्ड नव्या जागी घालायचे राहिले की ऑर्डरी, बिलं, बँकेचे निरोप सगळं येणं बंद होतं, आणि ते बंद झालंय हेही लवकर कळत नाही.

साइटवर न लिहिलेला मजकूर दिसतोय, गिऱ्हाईक दुसऱ्याच साइटवर फेकलं जातंय, असं असेल तर कुणीतरी आत शिरलंय. फाइली पुसत बसू नका, त्याच पुढे पुरावा असतात. होस्टिंगवाल्याला कळवून साइट बंद करून घ्या. वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बनवलेली साइट 'डेटाबेस कनेक्शन'ची चूक दाखवते, तुमच्याकडे बॅकअप नाही, आणि होस्टिंगच्या मदत विभागाकडूनही उत्तर मिळत नाही, तर थांबा. डोमेनची मुदत संपून ते परत मिळवायच्या काळात गेलं असेल, तर लगेच रजिस्ट्रारशीच बोला. साइटवर पैसे घेत असाल, तर वरच्या पहिल्या चार तपासण्यांपलीकडे काहीही घरी करू नका.

डोमेन साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर निघालं, तर मात्र प्रश्न कॉम्प्युटरचा राहत नाही. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला दुकानाचं डोमेन आपलं नाहीच, हे पाच वर्षांनी कळलं. बनवून देणारा गाव सोडून गेला होता. खात्यात आज लॉगिन करून नोंदणी कुणाच्या नावावर आहे, ईमेल कुणाचा आहे, ते बघा, साइट चालू असतानाच.

जाणकाराकडे जाताना तो लक्षणांचा कागद, एफ-१२ च्या लाल ओळींचा फोटो, शेवटचा बदल कोणता आणि कधी केला ते, आणि तारीख घातलेली फोल्डरची कॉपी न्या. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. समोर बसून स्वतः टाइप करा, आणि काम झालं की त्याच दिवशी बदला.